फक्कीची शिडी

“वाच आणि सही कर,” मुख्याध्यापिका साबणे बाई म्हणाल्या.

अर्ज चार ओळींचा होता. आमचे खो-खोचे प्रशिक्षक श्री. मगदूम हे दारू पिऊन मैदानावर येतात, त्यांचा तोल जातो, हात थरथरतात, बोललेलं कळत नाही, तरी राज्य स्पर्धेसाठी दुसरे प्रशिक्षक मिळावेत, असं संघातल्या बारा मुलींच्या वतीनं लिहिलं होतं. अक्षर शाळेच्या कारकुनाचं होतं. मी कर्णधार, म्हणून पहिली सही माझी. मी ‘हेमलता आवटी’ असं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली रेघसुद्धा ओढली. मुख्याध्यापिकेनं दटावून सही घेतली असं आज म्हणता येणार नाही. मला सही करायचीच होती.

ही गोष्ट १९८८ सालची. मी दहावीत होते. आमचं गाव कृष्णाकाठचं, सांगलीपासून बसनं तासाभरावर. आमच्या कन्याशाळेला दोन गोष्टींचा अभिमान होता, दहावीचा निकाल आणि खो-खोचा संघ, आणि निकाल काही दर वर्षी चांगला लागत नसे. संघ मात्र मगदूम सरांनी अठरा वर्षं जिल्ह्यात पहिला ठेवला होता. उंच, काटक माणूस. आवाज असा की त्यांनी मैदानावर हाक मारली की घाटावर धुणं धुणाऱ्या बायका वर बघायच्या. शाबासकीच्या बाबतीत मात्र चिक्कू. वर्षाकाठी दोन, फार तर तीन. पण खेळ मनासारखा झाला की हसायचे, आणि हसले की पुढचा अर्धा तुटलेला दात दिसायचा. आम्ही पोरी त्या दातासाठी ऊर फुटेस्तोवर पळायचो.

त्या वर्षी दात दिसेनासा झाला. आवाज इतका बारीक झाला की दुसऱ्या खांबाजवळ उभं राहिलं तर ऐकू येत नसे. चालताना उजवा हात हलत नसे, नुसता लोंबत राही, आणि बोटं अंगठ्यावर घासत राहत, तंबाखू मळल्यासारखी. गंमत म्हणजे हातात स्टॉपवॉच घेतलं की ती थरथर थांबायची. हजेरीपुस्तकातली आमची नावं मुंगीएवढी झाली. आणि चालता चालता सर मधेच थांबायचे. दारात, वळणावर, कुठंही. पाय जमिनीला चिकटल्यासारखे उभे राहायचे, मग चार पावलं भरभर टाकून पुढं कोसळल्यासारखे जायचे.

गावानं निदान करून टाकलं. सर गुत्त्याच्या रस्त्याला दिसतात, असं सगळे म्हणू लागले. सरांचं घर त्याच रस्त्याला होतं, हे कुणी लक्षात घेतलं नाही. मीही नाही.

माझा राग वेगळा होता. जिल्ह्याचा अंतिम सामना तासगावला झाला. बचावाच्या शेवटच्या पाळीत मी आत गेले आणि बाहेर आलेच नाही. समोरच्या नऊ पोरी घामाघूम झाल्या, खांबावर झेपावल्या, पण शिट्टी होईपर्यंत मी हाती लागले नाही. सामना जिंकून दिला मी. मैत्रिणींनी उचलून घेतलं. खाली उतरले ती सरळ सरांपुढं जाऊन उभी राहिले. सर माझ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. भिंतीला तरी पोपडे असतात. ते काहीतरी पुटपुटले, मला ऐकू आलं नाही, आणि ते स्टॉपवॉच खिशात घालून बसकडे निघाले. परतीच्या वाटेवर मी खिडकीकडे तोंड करून रडले. वाईट वाटण्यापेक्षा चीड जास्त होती.

तरीही सही केली नसती कदाचित. पण सामन्यानंतरच्या रविवारी सकाळी मी शिडी बघितली.

शिडी म्हणजे आमच्या सरावाची एक तऱ्हा. मैदानाच्या कडेला सर फक्कीनं, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या भुकटीनं, दीड-दीड फुटावर आडव्या रेषा मारून घ्यायचे. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. त्यातून रोज वीस फेऱ्या. “पाय रेषेवर नको, रेषेपलीकडं,” हे वाक्य आम्ही झोपेतही म्हणायचो. शिपाई दगडूमामा दर शनिवारी संध्याकाळी ती नव्यानं आखून ठेवायचे.

त्या रविवारी मी लवकर पोचले. मैदानावर सर एकटेच होते. शिडीतून चालत होते. लांब, ठाम टांगा टाकत, डोकं वर, अगदी पूर्वीसारखे. खांबाला वळसा घालून परत आले, पुन्हा गेले. मी कुंपणाशी उभी राहून बघत राहिले. एवढ्यात त्यांनी मला पाहिलं. शिडीतून बाहेर येऊन माझ्याकडे निघाले, आणि तिसऱ्या पावलाला पाय अडकले. पावलं जागच्या जागी थरथरायला लागली. मग तीच ती फरफट.

मी काय समजायचं? कुणी नसताना हा माणूस तरण्या पोरासारखा चालतो, मला बघताच लंगडतो. हातात घड्याळ घेतलं की थरथर थांबते. याचा अर्थ सोंग. पितात आणि कुणी विचारलंच तर आजार पुढं करतील. मला वाटलं, चोर मी मुद्देमालासकट पकडला. सोमवारी साबणे बाईंनी बोलावलं तेव्हा मी रविवारची हकिगत त्यांनी न विचारताच सांगितली.

मंगळवारी सरांना मैदानावर यायला मनाई झाली. शनिवारी संस्थेची बैठक ठेवली. त्यात त्यांनी समोर येऊन खुलासा करायचा. आरोप खरा ठरला तर नोकरी जाणार होती, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना. आणि आमच्यासारख्या गावात नोकरी जाते ती एका दिवसात, दारुड्या हे नाव मात्र मेल्यावरही तिथंच राहतं.

बुधवारी बाईंनी मला सरांच्या घरी पाठवलं. स्टॉपवॉच, शिट्टी आणि साहित्याच्या खोलीची किल्ली आणायची होती. मी नको म्हणाले. कर्णधार तू आहेस ना, असं त्या म्हणाल्या.

दार मालनकाकूंनी उघडलं. सरांच्या बायको. त्यांनी मला आत बसवलं, न विचारता चहा ठेवला. अर्जावर कुणाच्या सह्या आहेत हे त्यांना माहीत नसावं, कारण त्या माझ्याशी नेहमीसारख्या बोलत होत्या. सोमवारी मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन आलो म्हणाल्या. डॉक्टरांनी सरांना बोटं उघडमीट करायला लावली, खुर्चीतून उठवलं, व्हरांड्यात चालवून पाहिलं, नाव लिहून घेतलं आणि अक्षर बघूनच मान हलवली.

“पार्किन्सन म्हणालेत,” काकू म्हणाल्या. “आपल्यात कंपवात म्हणत्यात, त्यातलाच. मेंदूत कसलं तरी द्रव्य कमी पडतंय. डोकं हुकूम सोडतंय, पण अंगाला उशिरा पोचतोय. हात नुसता ठेवला की कापतोय, काम दिलं की थांबतोय. गोळ्या चालू केल्यात, पण लागू पडायला दिवस जाणार.”

मी म्हटलं, मग चिठ्ठी दाखवा संस्थेला. काकूंनी ती कालच दाखवली होती. असल्या चिठ्ठ्या कुणीही आणतो, असं उत्तर मिळालं होतं.

“शनिवारी हे शाळेत जाणार, आणि सगळ्यांच्या म्होरं असंच अडखळणार. मग काय बघायचंच न्हाई. बघितला, प्याला म्हणतील.” त्यांनी चहाचा कप माझ्यापुढं ठेवला. “आणि ह्यांच्या तोंडावर हसू बी येत न्हाई, राग बी येत न्हाई. तोंडाचे स्नायू धरल्यात म्हणं. आतनं हसत्यात, मला कळतंय. पण बाहेरच्याला कसं कळावं, बाई?”

मी कप खाली फरशीवर ठेवला. मला तासगाव आठवत होतं. तो माणूस माझ्यासमोर हसला होता आणि ते हसू चेहऱ्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मला लाज वाटली, अशी की उठून पळून जावंसं वाटलं.

तेवढ्यात आतल्या खोलीच्या उंबऱ्यात सर येऊन उभे राहिले. हातात स्टॉपवॉच, शिट्टी आणि किल्ली. मला द्यायला निघाले होते. उंबरा ओलांडला आणि पाय खिळले. माझ्या आणि त्यांच्या मध्ये पाच-सहा पावलांची काळी शहाबादी फरशी होती. पावलं जागच्या जागी कापत होती, अंग पुढं झुकत होतं. काकू उठून हात द्यायला गेल्या, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

मी म्हणाले, “सर, रविवारी तुम्ही शिडीत चालत होता. मी बघितलं. नीट चालत होता.”

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि मग त्यांच्याकडे. सरांचा आवाज आला, कान देऊन ऐकावा लागेल इतका बारीक. “तिथं पाय ऐकतात. का ते मलाही माहीत नाही. म्हणून पहाटे जातो.”

मग मला कळलं. रविवारी मला बघून त्यांनी काहीच सुरू केलं नव्हतं. ते फक्त रेषांतून बाहेर आले होते.

तुळशीपाशी कट्ट्यावर रांगोळीचा डबा होता. मी तो आणला, गुडघ्यावर बसले आणि सरांच्या पायापासून माझ्या कपापर्यंत, दीड-दीड फुटावर, फरशीवर आडव्या रेषा ओढल्या. सरांनी खाली पहिल्या रेषेकडे बघितलं. पाय उचलला आणि पलीकडं टाकला. मग दुसरा. पाच रेषा ओलांडून ते माझ्यापुढं येऊन उभे राहिले. काकू पदर तोंडाला लावून भिंतीशी टेकल्या.

“चौथी रेष वाकडी आली,” सर म्हणाले.

मला राहवेना. मी म्हणाले, “सर, त्या अर्जावर पहिली सही माझी आहे.”

“अर्ज दाखवलाय मला.” स्टॉपवॉच त्यांनी माझ्या हातात ठेवलं. त्यांचा राग आहे की नाही हे चेहऱ्यावरून कळायची सोय नव्हती, आणि ते फार कठीण होतं. मग त्यांनी विचारलं, “आवटी, फाउल झाल्यावर काय करायचं असतं?”

हा पहिल्या वर्षाचा धडा होता. “आधी उलट्या दिशेला जायचं. मग पुढचा खो द्यायचा.”

“मग जा.”

मी गेले. साबणे बाईंना सगळं सांगितलं आणि अर्ज परत मागितला. त्यांनी तो कागद आता संस्थेच्या ताब्यात असल्याचं सांगितलं. बाई दुष्ट नव्हत्या. त्यांना शाळेच्या नावाची काळजी होती, आणि माझ्याइतकीच खात्री होती की त्यांना सगळं समजलंय. बोलायचं असेल तर बैठकीत बोल, म्हणाल्या. पण कर्णधारानं संस्थेला खोटं लिहून दिलं असं एकदा वहीत नोंदलं गेलं, की राज्य स्पर्धेच्या यादीत तुझं नाव मी पाठवू शकणार नाही. तेही त्यांनी शांतपणे सांगितलं. मी रात्रभर विचार केला असं म्हणायला आवडलं असतं. खरं म्हणजे मी फाटकापर्यंत जाईस्तोवर रडले आणि मग दगडूमामांकडे गेले. फक्की ठेवायच्या साहित्याच्या खोलीची, सरांकडून आणलेली किल्ली अजून माझ्याकडेच होती.

शनिवारी चार वाजता संस्थेचे तिघे जण सभागृहात टेबलामागं बसले. मधे अध्यक्ष शेटे वकील. तोवर मी आणि दगडूमामांनी फाटकापासून सभागृहातल्या टेबलापर्यंत शिडी आखली होती. काही मुली मदतीला आल्या, काही आल्या नाहीत. संघातली सुशीला तर म्हणाली, आधी तुझ्यामागं सही करायला लावलीस, आता खाली वाकायला लावतेस. तिचं बरोबर होतं.

सर फाटकातून आले. पांढरा सदरा, इस्त्रीची विजार. शिडीत पाय घातला आणि चालत आले. अंगण, व्हरांडा, सभागृहाचं दार. दारात नेहमी अडकायचे, तिथं मी दोन रेषा जवळजवळ मारल्या होत्या. टेबलापुढं ते थेट येऊन उभे राहिले.

मला वाटलं, जिंकलो. पण शेटे वकिलांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “हे तर उत्तम चालतात. मग आजार कसला?”

मी गार पडले. माझाच रविवारचा हिशेब त्यांनी माझ्यापुढं मांडला होता. मी बोलायला पुढं झाले. तेवढ्यात सरांनी माझ्याकडे न बघता हुकूम दिला, मैदानावर द्यायचे तसा, फक्त आवाज नव्हता.

“आवटी, मागच्या चार रेषा पूस.”

“सर, नको.”

“पूस.”

मी सभागृहाच्या मधल्या चार रेषा पायानं पुसल्या. सर वळले. वळतानाच त्यांना सात-आठ बारकी पावलं लागली. पुसलेल्या जागेपर्यंत ते आले आणि तिथं थांबले. पुढं साधी सिमेंटची जमीन होती. पाय उचलेनात. टाचा वर येत, पुन्हा टेकत. उजवा हात कापायला लागला. कपाळावर घाम आला. भिंतीशी बसलेले दोन शिक्षक खाली बघायला लागले. शेटे वकिलांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग पुन्हा सरांकडे. मला वाटतं मिनिटभर झालं असेल. अठरा वर्षं ज्यांनी आम्हाला पळायला शिकवलं, ते तिथं सगळ्यांच्या देखत एक पाऊल टाकता न येता उभे राहिले, स्वतःहून.

“आख,” ते म्हणाले.

मी पिशवीतून मूठभर फक्की घेतली आणि सोडत गेले. पहिली रेष त्यांच्या बोटांपुढं पडली न पडली, तोच पाय उचलला गेला. चार रेषा, चार पावलं.

मग मी बोलले. सही माझी, रविवारची गोष्ट मी सांगितलेली, आणि जे बघितलं ते मला कळलं नव्हतं, एवढं सांगितलं. दारूचा वास कधी आला का, असं वकिलांनी विचारलं. मी नाही म्हणाले. कधीच नाही.

शेटे वकिलांनी चष्मा परत लावला. “मी तीस वर्षं कोर्टात दारुडे बघतोय,” ते म्हणाले. “दारुड्याला मोकळ्या जमिनीवर चालता येतं आणि रेषेवर येत नाही. यांचं नेमकं उलटं आहे.” त्यांनी अर्ज निकाली काढला. सरांना दोन वर्षं हलकं काम द्यावं आणि मैदान त्यांच्याकडेच राहावं, असं वहीत लिहून घेतलं. त्याखाली माझंही नाव लिहून घेतलं. बाईंनी शब्द पाळला. त्या वर्षी राज्य स्पर्धेला संघ माझ्याशिवाय गेला आणि उपान्त्य फेरीत हरला. मला आनंद झाला नाही, पण थोडं बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

पुढं मी स्वतः खेळाची शिक्षिका झाले. खूप वर्षांनी एका डॉक्टरीण बाईंकडून कळलं की या आजारात मेंदूची आपोआप चालायची वाट बंद होते, पण डोळ्यांपुढं रेष आली की तो दुसऱ्या वाटेनं हुकूम पोचवू शकतो. त्यांच्या दवाखान्यात जमिनीवर पट्ट्याच चिकटवल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे हे दगडूमामा करायचे.

पण त्या शनिवारचं थोडं राहिलं. बैठक संपल्यावर सर फाटकापर्यंत शिडीतून आले. पुढं रस्ता. फक्की संपली होती, पिशवी उलटी करून झटकली तरी चिमूटभरच पडली. काकू कोपऱ्यावर रिक्षा बघायला गेल्या होत्या. कोपरा पन्नास पावलांवर असेल. शाळा सुटलेली, माणसं बघत होती, आणि सर फाटकात खिळून उभे होते.

मी चप्पल काढली, त्यांच्यापुढं झाले आणि माझा उजवा पाय त्यांच्या पावलापुढं आडवा ठेवला.

त्यांनी खाली बघितलं. “पाय रेषेवर नको,” मी म्हणाले, “रेषेपलीकडं.” त्यांनी पाय उचलला आणि माझ्या पायापलीकडं टाकला. मी डावा ठेवला. तो ओलांडला. असे आम्ही निघालो, मी उलटी मागं सरकत, ते पुढं येत. दहा-बारा पावलं झाल्यावर ते काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. या वेळी मी कान जवळ नेला.

“तासगावला पाच मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद,” सर म्हणाले. “घड्याळ मीच लावलं होतं. अठरा वर्षांत एवढं कुणी टिकलं नाही. शाबास म्हणालो होतो तुला तेव्हा.”

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथं काहीच नव्हतं. मी डोळे पुसले आणि दुसरा पाय आडवा ठेवला.